चंद्राची साक्ष

रमजान महिन्याच्या एकोणतिसाव्या दिवशीं सूर्य मावळूं लागला म्हणजे बीड जिल्ह्यांतील केजसारख्या गांवीं कांहीं माणसें माळवदावर, कांहीं मशिदीच्या गच्चीवर चढतात आणि पश्चिमेच्या क्षितिजाकडे डोळे लावून उभीं राहतात. पाहण्याचें काम फार तर अर्ध्या-पाऊण तासाचें. पण तेवढ्या वेळांत गांवाचा दुसरा दिवस ठरावयाचा असतो. नखाएवढी कोर दिसली तर उद्यां ईद. न दिसली तर आणखी एक रोजा. शिंप्याचें मशीन रात्रभर चालावयाचें कीं नाहीं, शिरखुर्म्यासाठीं गवळ्यानें किती दूध राखून ठेवावयाचें, हें सारें त्या कोरीवर अवलंबून. पंचांगांत तर अमावास्या कधीं संपते हें वर्षभर आधीं घटकापळांसह छापलेलें असतें. मग माळवदावर चढण्याचें प्रयोजन काय?

त्याचें उत्तर हिजरी कालगणनेच्या घडणींत आहे. इ. स. ६२२ मध्यें पैगंबरांनीं मक्का सोडून मदिनेस प्रयाण केलें, त्या वर्षापासून ही गणना धरतात. ती चालू करण्याचा निर्णय मात्र खलिफा उमर यांच्या कारकीर्दींत, इ. स. ६३८ च्या सुमारास झाला. बारा चांद्रमासांचें वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचें, म्हणजे सौरवर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं उणें. आपल्याकडे हा फरक अधिक मास घालून भरून काढतात. जुन्या अरबांतही तशी रीत होती; कुराणानें ती निषिद्ध ठरविली. म्हणून रमजान कधीं वैशाखाच्या उन्हांत येतो, कधीं आषाढाच्या पावसांत, आणि सुमारें तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंची प्रदक्षिणा करून मूळ जागीं परततो.

महिना मोजावयाचा तो चंद्र पाहून. आभाळ असेल तर चालू महिन्याचे तीस दिवस पुरे करावयाचे, असा दंडक पैगंबरांच्या वचनांवरून चालत आला. नियम साधा आहे; वाळवंटांतल्या निरक्षर उंटवाल्यासही तो पाळतां यावा इतका साधा. परंतु एकानें पाहिलें तें दहांनीं कां मानावें, हा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि तेथें ज्योतिषाचें काम संपून न्यायाचें काम सुरू होतें. मराठवाड्यांतील बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी पंथाचे. त्या पंथाच्या शास्त्राप्रमाणें आकाश ढगाळ असतां रमजान सुरू करण्यास एका विश्वासू माणसाची साक्ष पुरते. ईद करण्यास मात्र दोन पुरुष, किंवा एक पुरुष व दोन स्त्रिया, यांची साक्ष लागते. आकाश स्वच्छ असेल तर एकट्यादुकट्याचें कोणी ऐकत नाहीं. पुष्कळांनीं पाहिलेलें असलें पाहिजे. हा भेद मोठा मार्मिक आहे. उपवास अंगावर घेणाऱ्याचें म्हणणें चटकन् मान्य करावें, उपवासांतून सुटूं पाहणाऱ्याचें पारखून घ्यावें. म्हणून परगण्याच्या ठिकाणचा काझी चंद्र पाहणाऱ्यास, किती वाजतां, कोणत्या दिशेस, शिंगें कोणीकडे होतीं, असे प्रश्न विचारी.

गणित मुसलमानांस अवगत नव्हतें असें मात्र कोणी समजूं नये. अल्-बत्तानी, अल्-बिरूनी यांच्यासारख्या ज्योतिर्विदांनीं चंद्रदर्शनाचा सूक्ष्म विचार केलेला आहे. सूर्यसिद्धांतानेंही चंद्र सूर्यापासून बारा अंश दूर गेला म्हणजे दृश्य होतो असें सांगितलें; आणि बारा अंश म्हणजेच बरोबर एक तिथि. पंचांगांत शुद्ध प्रतिपदेच्या किंवा द्वितीयेच्या पुढें ‘चंद्रदर्शन’ लिहितात त्याचें मूळ हेंच. त्याच पानावर, ‘सव्वाल मासारंभ’ असेंही बारीक अक्षरांत छापलेलें असतें. पंचांगकर्ता अंदाज सांगतो. काझी निवाडा देतो.

ही अनिश्चितता सणांपुरतीच राहिली असती तर तिचा इतिहासाशीं फारसा संबंध आला नसता. पण दक्षिणेंत मुसलमानी महिने दप्तरांत शिरले. मराठ्यांच्या हजारों कागदांवर तारखेची खूण म्हणून ‘छ’ हें अक्षर आणि त्यापुढें रबिलावल, जमादिलाखर, साबान, जिल्हेज असे मराठी जिभेवर घासून गुळगुळीत झालेले महिने आढळतात. वर्ष मात्र निराळें, कारण चांद्रवर्षानें सारा वसूल होत नाहीं. पीक सूर्याच्या मागें जातें, चंद्राच्या नव्हे. म्हणून मृग नक्षत्रीं पालटणारें शुहूर सन, ज्याचा आरंभ इ. स. १३४४ च्या मृगापासून मानतात, आणि पुढें शहाजहानच्या अमदानींत दक्षिणेंत आलेलें फसली सन प्रचारांत राहिलें. निजामाच्या राज्यांत तर आजूर, दै, बहमन अशा इराणी नांवांच्या सौरमासांचें फसली वर्ष ऑक्टोबरांत सुरू होई. केजच्या शेतकऱ्यास पेरणीसाठीं नक्षत्र, सणासाठीं शालिवाहन शक किंवा हिजरी, आणि कचेरीसाठीं फसली, इतक्या गणना सांभाळाव्या लागत. त्यानें त्या विनातक्रार सांभाळल्या. घोटाळा पुढें इतिहासकारांचा झाला.

केजच्या उत्तरेस, याच जिल्ह्यांत, गोदावरीच्या कांठीं राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजीं, शुहूर सन अर्बा सितैन मया व अलफ, म्हणजे ११६४ मध्यें, माधवराव पेशवे व राघोबादादा यांनीं तेथें निजामाच्या फौजेचा मोड केला. नदीस पूर आला होता, निजाम पैलतीरीं होता, आणि अलीकडे अडकलेल्या फौजेचा दिवाण विठ्ठल सुंदर रणांत पडला. त्या दिवशीं मुसलमानी तारीख कोणती होती? महिने आळीपाळीनें तीस व एकोणतीस दिवसांचे धरून, तीस वर्षांत अकरा जादा दिवस घालणाऱ्या नेहमींच्या कोष्टकाप्रमाणें ३० मोहरम. दाऊदी बोहरे लोक अशाच कोष्टकानें चालतात, पण त्यांच्या मिसरी गणनेचा आरंभ एक दिवस आधीं. तिच्या हिशेबानें १ सफर. आतां आकाशाकडे पाहावें. त्या मोहरमच्या आधींची अमावास्या ११ जुलैच्या पहाटे संपली. त्या सायंकाळीं चंद्राचें वय चौदा तासांच्या आसपास. इतकी कोवळी कोर नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. ती १२ जुलैस दिसली असें धरलें तर १३ जुलै हा मोहरमचा पहिला दिवस, आणि लढाईचा दिवस २९ मोहरम. त्या सायंकाळीं पावसाचें आभाळ असेल तर २८ सुद्धां संभवते. एकाच दिवसास इतक्या तारखा, आणि त्यांतली एकही लबाडीची नाहीं! म्हणून जुन्या पत्राचा काल ठरवितांना सावध संशोधक कोष्टकावर भिस्त न ठेवतां पत्रांतला वार पाहतो. वार चंद्रावर अवलंबून नसतो.

एकोणिसाव्या शतकांत तारायंत्र आलें आणि नवाच पेंच उभा राहिला. पूर्वीं केजेस न दिसलेला चंद्र दूरच्या शहरीं दिसला तर ती बातमी ईद होऊन गेल्यावर पोंचे. वाद होण्यास अवकाशच नव्हता. आतां ती तासाभरांत येऊं लागली. परंतु तार ही साक्ष नव्हे. तार करणारा समोर नाहीं, त्यास उलट प्रश्न विचारतां येत नाहीं. बरेलीचे मौलाना अहमद रझाखान (१८५६–१९२१) यांनीं याच कारणानें तारेची बातमी अग्राह्य ठरविली. त्यांचें म्हणणें आज कोणास हट्टाचें वाटेल. पण कोणतेंही न्यायालय तारेवर फांशी देत नाहीं, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. मग नभोवाणी आली. हैदराबादची नभोवाणी १९३५ मध्यें निजाम सरकारनें हातीं घेतली. नभोवाणीचा आवाज साक्षीदाराचा नसून निवाडा कळविणाऱ्या डांगोरेवाल्याचा आहे, असा विचार पुढें पुष्कळ उलेमांनीं स्वीकारला: साक्ष शहरांतील चंद्रदर्शन समितीपुढें, म्हणजे रूयत-ए-हिलालपुढें, व्हावी आणि घोषणा दूरवर जावी. मिसर देशांतील पंडित अहमद मुहंमद शाकिर यांनीं तर १९३९ मध्यें महिन्याचा आरंभ गणितानेंच ठरवावा असें प्रतिपादन केलें. हिंदुस्थानांतील सुन्नी समाजांत तें रुजलें नाहीं.

खरी घाई एका रमजान ईदेचीच. बकरीद जिल्हेजच्या दहाव्या दिवशीं, आशुराही मोहरमच्या दहाव्या. चंद्र दिसल्यावर चौकशीस नऊ दिवस सांपडतात. सव्वालचा चंद्र एका रात्रीची सुद्धां मुदत देत नाहीं.

१९४८ मध्यें निजामी संपली, १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० पासून तो महाराष्ट्रांत आहे. फसली सन कचेऱ्यांतून गेलें. चंद्र मात्र राज्यांच्या सीमा पाहून उगवत नाहीं. हैदराबादेहून केजेस सूर्य सुमारें दहा मिनिटें उशिरा मावळतो, आणि मुंबईस केजेहून आणखी बारा-तेरा मिनिटांनीं. तेवढ्या अवधींत चंद्र सूर्यापासून किंचित् अधिक दूर सरकतो. म्हणून हैदराबादच्या गच्चीवरून हुकलेली कोर, पश्चिमेस आभाळ मोकळें असेल तर, केजच्या माळवदावरून क्वचित् दिसूंही शकते. आणि तशी दिसली तर पाहणाऱ्यास पायऱ्या उतरून साक्ष देण्यास जावें लागतें.