शब्दवेध : घर

मावळातल्या कार्ला लेण्यांच्या चैत्यगृहात दारापाशीच घराचा पत्ता मिळतो. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीने आपल्या ब्राह्मी लेखात या कोरीव कामाला ‘सेलघर’ म्हटले आहे. सेल म्हणजे शैल, डोंगर. दाराजवळच्या दुसऱ्या एका लेखात धेनुकाकट या गावचा सुतार सामी घराचे ‘मुघ’, म्हणजे मुख, घडवल्याची नोंद करतो. त्याच्या व्यवसायाचा ‘वढकी’ हा शब्द विदर्भातल्या ‘वाढई’त आजही ओळखू येतो.

संस्कृत ‘गृह’चे प्राकृतात ‘घर’ झाले आणि मराठीने ते जसेच्या तसे ठेवले. सुमारे 2000 वर्षांत या दोन अक्षरांचा एक कानाही बदलला नाही. ‘लेणे’ हाही मुळात घराचाच शब्द. तो ‘लयन’ म्हणजे निवासस्थान यावरून आला. या लेण्यांच्या रांगेवरून, लेणावलीवरून, जवळच्या लोणावळ्याला हे नाव पडल्याचे सांगतात.

पुढे घराने संसारभर पाय पसरले. चष्म्याला घर असते, सोंगटीला असते, पत्रिकेतल्या ग्रहालाही असते. माणूस मनात घर करतो, मूल घर डोक्यावर घेते, शेजाऱ्यांशी घरोबा होतो. नगरपालिका घरपट्टी घेते, सरकारी योजना घरकुल देते.

लोणावळ्यात आता पाट्यांवर ‘व्हिला’ आणि जाहिरातींत ‘सेकंड होम’ दिसते. ‘बंगला’ही बाहेरचाच, बंगाली धाटणीच्या घरावरून आलेला, तो मराठीत रुळला. नवे शब्द जरूर यावेत. पण मावळच्या कातळात कोरलेला शब्द मावळातल्या पाटीवरही असायला हवा.