उपमेचं कूळ

‘आजीचा आवाज गुळासारखा गोड आहे.’ शाळेच्या व्याकरणात या साध्या वाक्याचे चार भाग पडतात. आवाज हे उपमेय, गूळ हे उपमान, गोडी हा साधारण धर्म आणि ‘सारखा’ हा साधर्म्यवाचक शब्द. परीक्षेपुरती पाठ केली जाणारी ही विभागणी दोन हजार वर्षांहून जुनी आहे. आणि तिचा पाया कवींनी नव्हे, शब्दांची चिकित्सा करणाऱ्यांनी घातला.

यास्काचं ‘निरुक्त’ वेदांतल्या अवघड शब्दांचा अर्थ लावतं. त्यात ‘न’ हे एवढंसं अक्षर मोठा पेच घालतं, कारण वेदांत ‘न’ म्हणजे ‘नाही’ आणि ‘न’ म्हणजे ‘सारखा’सुद्धा! यास्कानं त्याची जागा पाहिली. ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी ‘न’ आला तर नकार. ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर आला तर तुलना. उपमेची व्याख्याही तो देतो, मात्र तिचं श्रेय गार्ग्य या आचार्याला: जे ते नाही, पण त्याच्यासारखं आहे, ती उपमा. इतक्या कमी शब्दांत याहून नेमकं सांगणं अवघडच.

पाणिनीला उपमा लागली समासांसाठी. ‘घनश्याम’ म्हणजे ढगासारखा सावळा. इथे सावळेपणा शब्दातच आला. ‘पुरुषव्याघ्र’ म्हणजे वाघासारखा पुरुष. पण कोणत्या गुणानं, ते सांगितलेलं नाही. पाणिनीनं या दोहोंसाठी लागोपाठ दोन सूत्रं रचली. शौर्याचा स्पष्ट उल्लेख करायचा असेल, तर ‘पुरुषव्याघ्र’ असा समास होत नाही. ‘वाघासारखा शूर पुरुष’ असं सुटं सांगावं लागतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे मात्र संख्या वाढत गेली. काव्यशास्त्रकार वामनानं तर अर्थालंकार म्हणजे उपमेचाच विस्तार, असं मानलं. आजीच्या वाक्यावर ते पडताळून पाहता येतं. ‘आजीचा आवाज जणू गूळच’ ही उत्प्रेक्षा. ‘आजीचा आवाज म्हणजे गूळ’ हे रूपक. ‘हा आवाज नव्हे, हा तर गूळ’ ही अपन्हुती. आणि ‘आजीच्या आवाजापुढे गूळही फिका’ म्हटलं, की व्यतिरेक. शब्द थोडेच हलतात, पण आवाज आणि गूळ यांच्यातलं अंतर दर वेळी बदलतं.

सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंद’मध्ये अलंकारांची संख्या शंभरावर गेली. मराठी शाळेत त्यांतले मोजकेच शिकवले जातात, पण त्यांची संस्कृत नावं तशीच राहिली आहेत.