चर्नी रोडच्या बागेतला विद्यार्थी

मुंबईच्या जुन्या बागांचा इतिहास लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. कोणत्या गव्हर्नरच्या काळात बाग झाली, कोणत्या शेठजींनी देणगी दिली, झाडे कुठून आणली. राणीची बाग १८६२ साली खुली झाली, तिचे उद्घाटन लेडी फ्रियर यांनी केले, हे सगळ्यांना पाठ असते. पण बागेत येऊन बसले कोण, हा प्रश्न त्या इतिहासात येत नाही. आम्हाला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो आणि तो विचारायचा तर चर्नी रोडला उतरावे लागते.

चर्नी हे नाव गुरे चारण्याच्या कुरणावरून आले, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. १८३८ साली इंग्रज सरकारने चराईवर कर बसवला. गरिबांना तो परवडेना, तेव्हा जमशेटजी जिजीभाईंनी स्वतःचे २०,००० रुपये घालून कुरणाची जमीन घेतली आणि गुरांना फुकट चरू दिले. पैसे भरणाऱ्यालाच आत घ्यायचे हा वाद या परिसराला काही नवा नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच परिसरातल्या बागेत एक शाळकरी मुलगा पुस्तक घेऊन बसायचा. परळच्या डबक चाळीत त्याचे घर म्हणजे एक खोली. चूल तिथेच, सरपण तिथेच, झोपायचे तिथेच. मुलाला अभ्यास करता यावा म्हणून वडील रामजी त्याला पहाटे दोन वाजता उठवत, कारण त्याच वेळी खोलीत शांतता असे. शाळा एल्फिन्स्टन हायस्कूल, म्हणजे सरकारी. तिथे भिमराव फळ्याकडे निघाला की इतर मुले फळ्यामागे ठेवलेले डबे बाजूला ओढत, जेणेकरून ते बाटू नयेत. घरात जागा नाही, शाळेत जागा आहे पण ती अशी. शाळा सुटल्यावर उरली ती बाग.

बागेत जातीयता नव्हती असे कोणी म्हणू नये. बाकावर बसलेल्याला जात विचारायला तिथे मास्तर नव्हता, इतकेच. पण तेवढ्याने काय झाले पाहा. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर वाचायला येत. त्यांनी मुलाची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली आणि पुढे स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. ही हकीकत धनंजय कीर यांनी सांगितली आहे. त्यांच्या मते पुस्तक मिळाले ते १९०७ साली, मॅट्रिक झाल्याबद्दलच्या सभेत, आणि अध्यक्ष होते सीताराम केशव बोले.

बाबासाहेबांचे स्वतःचे सांगणे मात्र थोडे वेगळे आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत ते केळुसकरांना वडिलांचे स्नेही म्हणतात, सभा इंग्रजी चौथी पास झाल्याची सांगतात, आणि अध्यक्ष केळुसकरच होते असे लिहितात. बागेचा उल्लेख तिथे नाही. आपल्या व्याख्यानांत दोन्ही हकीकती एकत्र कालवून सांगितल्या जातात. आमच्या मते पुस्तक आणि सभेबाबत बाबासाहेबांचा शब्द आधी धरावा आणि बागेतल्या वाचनासाठी कीरांचा हवाला द्यावा. बाबासाहेबांबद्दल बोलताना पुरावा सैल ठेवणे आपल्याला शोभत नाही.

केळुसकरांनीच पुढे सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. मग १९१३ साली कोलंबिया आणि १९१७ मध्ये बडोद्याची नोकरी. बडोद्यात पारशी सरायीतून लाठ्या घेतलेल्या लोकांनी हाकलले, मित्रांनी घरात घेतले नाही, आणि मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास काढावे लागले ते कामाठी बागेत. एका बागेने पुस्तकापर्यंत नेले. दुसऱ्या बागेत बसावे लागले, कारण परदेशात शिकून आलेल्या माणसालाही अख्ख्या शहरात छप्पर नव्हते. बाग बसू देते म्हणून शहर सुधारले, असे समजणाऱ्यांनी बडोदा आठवावे.

याच बोल्यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात ठराव आणला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच ठरावाच्या आधाराने उभा राहिला. त्यात पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने होते. बागांचे नाव नव्हते. तहानेचा प्रश्न आधी, हे बरोबरच होते. ती उणीव भरून निघाली संविधानाच्या कलम १५(२) मध्ये. सरकारी पैशातून चालणाऱ्या विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर लोकांच्या राबत्याच्या सगळ्या जागा तिथे आल्या. बाग त्यात येते. तिथे बसणे ही कोणाची मेहेरबानी नाही.

आता आजचे पाहू. राणीच्या बागेचे तिकीट २०१७ मध्ये ५ रुपयांवरून थेट ५० रुपये झाले. अनेक बागांना दुपारी कुलूप लावायची पद्धत आहे, आणि एका खोलीत सहा माणसे राहतात त्या घरातल्या मुलाला नेमकी दुपारीच जागा हवी असते. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात आपली माणसे मुक्कामाला येतात, पुस्तके विकत घेऊन गावी जातात, तेव्हा 'मैदान घाण झाले' ही ओरड ठरलेली. त्याच मैदानात इतर पक्षांचे मेळावे भरतात तेव्हा हे नाक इतके तिखट नसते.

आणि चर्नी रोडची बाग? तिला स. का. पाटील यांचे नाव आहे. १९५२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून बाबासाहेबांना काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभूत व्हावे लागले, तेव्हा मुंबई काँग्रेसची सूत्रे याच पाटलांच्या हाती होती. नाव बदला अशी मागणी काही तरुण करतात. आमचा तिला विरोध नाही, पण आमची पहिली मागणी वेगळी आहे. पाटी कोणाचीही राहो, बाग दिवसभर उघडी ठेवा, अंधार पडल्यावर वाचता येईल इतके दिवे लावा आणि पुस्तक घेऊन बसलेल्या पोराला कोणी उठवू नका.