फंक्शनल भाषांतील मध्येच थांबणे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

फंक्शनल भाषांमध्ये एकात एक गुंफलेल्या लूपमधून मध्येच बाहेर पडण्याची सोय नसते, असे सामान्यतः मानले जाते. इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. या भाषांत लूपचे काम पुनरावर्ती फलने करतात. सारणीतील पहिले शून्य आतील फलनाला सापडले, तरी तो निरोप बाहेरील फलनापर्यंत पायरीपायरीने पोहोचवावा लागतो. पीटर लँडिन यांनी १९६५ मध्ये ‘जे’ हा कारक मांडून उडीलाच फलनाचे रूप दिले. डायक्स्ट्रा यांचे ‘गो टू’विरोधी प्रसिद्ध पत्र त्यानंतरचे, १९६८ चे आहे. रेनॉल्ड्स यांचे ‘एस्केप’ (१९७२) आणि ससमन व स्टील यांच्या स्कीम भाषेतील ‘कॅच’ (१९७५) याच परंपरेतील होत. यात शोध सुरू होण्यापूर्वीच ‘पुढचे उरलेले काम’ एका नावाने धरून ठेवले जाते आणि कितीही खोलवरून उत्तर थेट त्याच्याच स्वाधीन करता येते. हॅस्केलने (१९९०) प्रश्नच बदलला. तेथे सर्व शक्यतांची यादी मांडावी. पहिले उत्तर मागितले की उर्वरित यादी मोजलीच जात नाही. थांबण्याची अट लूपच्या अंतर्भागापासून अशी वेगळी करता येते, हे जॉन ह्यूज यांनी १९८९ च्या निबंधात आधीच दाखवून दिले होते.