पाऊण डॉलरचा हिशेब

विद्या वरून खाली झिरपत येते, हा आपल्या समाजातील फार जुना समज आहे. सायबर सुरक्षा, म्हणजे संगणकांच्या आणि त्यांतील माहितीच्या राखणदारीची विद्या, ही तर केवळ पदवीधर अभियंत्यांचीच मिरास होय, असे कामगार वस्तीतील पुष्कळांना वाटते. मग होतकरू तरुण एक तर ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून मागे फिरतो, नाही तर कर्ज काढून महागड्या वर्गात नाव घालतो. या विद्येचा इतिहास मात्र निराळीच साक्ष देतो. ती आपणांपुढे ठेवावी, एवढाच आमचा हेतू आहे.

१९८६ सालच्या ऑगस्टमधील ही हकीकत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाचा खगोलशास्त्रज्ञ होता. त्याच्या दुर्बिणीच्या कामाचा पैसा संपला, तेव्हा त्याची रवानगी संगणक-विभागात झाली. नवखा म्हणून त्याला क्षुल्लक वाटणारे काम मिळाले. संगणकाच्या वापराचा हिशेब दोन प्रकारे ठेवला जाई आणि दोन्ही बेरजांत ७५ सेंटांचा, म्हणजे पाऊण डॉलरचा, फरक येत होता. तो का येतो, हे शोधावयाचे.

दुसऱ्या कोणी तो पाऊण डॉलर खर्ची टाकला असता. स्टॉलने टाकला नाही. तेव्हा असे दिसले की, ज्याचे बिल कोणाकडेच जात नाही असे एक खाते उघडले गेले आहे. कोणी परका आत शिरला होता. हजेरीपट आणि पगारपत्रक शेजारी ठेवून कामगाराचा बुडालेला दिवस शोधून काढणारे आमचे कार्यकर्ते याहून वेगळे काय करतात?

स्टॉलने दार लगेच लावून घेतले नाही. बाहेरून येणाऱ्या तारांना त्याने प्रिंटर जोडले. चोर जे जे टंकित करी ते ते त्याच्या नकळत कागदावर उमटू लागले. स्टॉलने वही घातली आणि दिवस, वेळ, कृती टिपून ठेवली. हे कागदच त्याची पाठशाळा झाले. एका प्रोग्राममधील फटीतून चोराने व्यवस्थापकाचे अधिकार मिळविले होते. तेथून तो लष्करी संगणकांची दारे ठोठावीत होता. कित्येक ठिकाणी यंत्राबरोबर आलेले परवलीचे शब्ददेखील कोणी बदलले नव्हते!

पाऊण डॉलरच्या चोरीसाठी तपासखाते प्रथम हालले नाही. स्टॉल दूरध्वनीवाल्यांना, सहकाऱ्यांना, दूरच्या प्रयोगशाळांना विचारीत राहिला. शेवटी खोट्या कागदपत्रांचे आमिष ठेवून त्याने चोराला तारेवर बराच वेळ गुंतविले आणि माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरी पोहोचला. मार्कुस हेस आणि त्याचे साथीदार मिळविलेली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकीत होते. स्टॉलने ही सारी कथा १९८९ साली ‘द ककूज एग’ या पुस्तकात सांगितली.

यातून नवशिक्याने काय घ्यावे? आमच्या मते चार गोष्टी. यंत्राची रोजची चाल आधी ओळखावी. नेहमीचे ठाऊक नसेल त्याला अनोळखी कसे दिसणार? हिशेबातील लहान फरक सोडू नये. पाहिलेले त्याच दिवशी लिहून ठेवावे. आणि अडेल तेथे जाणत्याला विचारण्यात कमीपणा मानू नये. याला फार भांडवल लागत नाही. जुना संगणक मिळवावा, त्यावर विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली बसवावी, तो आपल्या नोंदी कोठे ठेवतो आणि त्याचे कोणते दार कशासाठी उघडे आहे, हे रोज थोडे थोडे पाहावे. मात्र परक्याच्या यंत्रात परवानगीवाचून शिरून शिकू नये. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याची त्याला बंदी आहे. आणि कायदा नसता तरी ती चोरीच.

हे सारे दूरदेशीचे, असे कोणी म्हणू नये. ३२ वर्षांनी, २०१८ च्या ऑगस्टमध्येच, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. एटीएमची विचारणा बँकेच्या मुख्य हिशेबापर्यंत पोहोचतच नव्हती. मध्ये घुसविलेली बनावट व्यवस्था परस्पर ‘पैसे द्या’ असे उत्तर देत होती. प्रश्न पुन्हा तोच: दोन हिशेब जुळतात काय?

आज कामगाराचा पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि पतपेढीतील ठेव संगणकाच्या आकड्यांत आहे. ज्याची ठेव त्यालाच राखणदारी कळत नसेल, तर ती ठेव दुसऱ्याच्या इमानावर राहते. तेव्हा दर दहा सभासदांमागे एकाने तरी ही विद्या शिकावी. हिशेब तपासण्याची सवय आपल्याला आहेच. आता तीच सवय नव्या यंत्रापुढे न्यावयाची आहे.