ऑपरेशननंतरचे सावरणे : जोडीदाराच्या कामाचे विवेचन

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर माणूस दोन वेगांनी बरा होतो. जखम एका वेगाने भरते. ताकद, भूक, झोप आणि उमेद त्याहून कितीतरी संथ गतीने परत येतात. टाके दहा-बारा दिवसांत निघतात आणि घरच्यांना वाटते, आता झाले. रोग्याला मात्र त्याच दिवशी न्हाणीपर्यंत जाऊन आले की धाप लागलेली असते. या दोन वेगांमध्ये जे आठवडे पडतात, त्यांत नवऱ्याने किंवा बायकोने नेमके काय करायचे, हा या विवेचनाचा विषय आहे. तो गोंदिया तालुक्यातल्या कामठ्यासारख्या धानाच्या गावातून पाहिला म्हणजे त्याच्या अडचणी ठळक दिसतात.

जोडीदाराच्या आधाराची माझी व्याख्या अशी: रोग्याचे शरीर कोणत्या अवस्थेत आहे ते ओळखून तेवढाच भार आपण उचलणे, आणि अवस्था पालटली की तो भार त्याला परत देणे. भार उचलणे आपल्याकडे लोक मनापासून करतात. परत देणे बहुतेक घरांत राहून जाते, आणि माझ्या मते संथ सावरणे अधिक संथ होते ते तिथेच.

अवस्था ओळखण्यासाठी थोडे शरीरशास्त्र लागते. ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या सुमारास दाखवले, की हाड मोडल्यावर शरीर स्वतःच्या स्नायूंतली प्रथिने मोडून लघवीवाटे नायट्रोजन बाहेर टाकू लागते. बॉस्टनचे शल्यविशारद फ्रान्सिस मूर यांनी १९५९ च्या आपल्या ग्रंथात शस्त्रक्रियेनंतरच्या काळाचे चार टप्पे मांडले. पहिला आघाताचा: मोजके दिवस, शरीर स्वतःलाच खात असते. दुसरा वळणाचा: ताप उतरतो, वारा सरतो, रोगी आपणहून काही मागतो. तिसरा स्नायू परत भरण्याचा, काही आठवड्यांचा. चौथा अंगावर पुन्हा मांस-चरबी धरण्याचा, काही महिन्यांचा. आज या टप्प्यांकडे पूर्वीइतके काटेकोर पाहत नाहीत, पण जोडीदाराला दिशा कळायला ते पुरेसे आहेत.

पहिल्या टप्प्यात काम आहे ते जवळ असण्याचे आणि पाहण्याचे. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ जेम्स कुलिक आणि हाइक माहलर यांनी १९८९ मध्ये हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेतून जाणाऱ्या पुरुषांचा अभ्यास छापला. ज्यांच्या बायका अधिक वेळा भेटायला येत, त्यांना वेदनाशामक औषध कमी लागले आणि ते सरासरी एका दिवसाहून अधिक लवकर घरी गेले. वयस्क रोग्याच्या बाबतीत तर ओळखीचा चेहरा औषधाइतका मोलाचा असतो. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री म्हातारा माणूस अचानक भलतेच बोलू लागतो, सलाईन ओढतो, आपण कुठे आहोत ते विसरतो. घरचे घाबरतात, कुणी बाहेरचे झाले असेही म्हणतात. ही मेंदूची तात्पुरती भ्रमावस्था असते. येल विद्यापीठात शॅरन इनौये यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेल्या आणि १९९९ मध्ये छापलेल्या अभ्यासात साधे उपाय वापरले होते: वार-तारीख सांगत राहणे, चष्मा आणि कानाचे यंत्र जवळ ठेवणे, रात्री झोपू देणे, चालवणे, पाणी पाजणे. भ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. ते रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते, तरी यातली प्रत्येक गोष्ट खाटेशेजारी बसलेल्या जोडीदाराला करता येते.

वेदना लपवू न देणे हेही त्याचेच काम. दुखते म्हणून रोगी खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. पोटाच्या टाक्यांवर उशी दाबून धरून खोकायला लावावे. तीन गोळ्यांचे श्वासाचे यंत्र देतात, त्यात बरेच जण फुंकतात. त्यात श्वास आत ओढायचा असतो. एवढे एक कळले नाही तर यंत्र उशाशी पडून राहते आणि फुप्फुस मिटलेले राहते.

इथे एक गोष्ट आपण मोकळेपणाने बोलत नाही. रोगी नवरा असेल तर बायको वॉर्डात खाटेखाली चटई टाकून राहते. रोगी बायको असेल तर सरकारी दवाखान्याच्या स्त्री-वॉर्डात रात्री नवऱ्याला सहसा थांबू देत नाहीत. इतर बायांच्या लाजेचा आणि सुरक्षेचा प्रश्न असल्याने हा नियम रास्तही आहे. परिणाम मात्र असा होतो, की बहीण, मुलगी किंवा वहिनी सगळे शिकते आणि नवरा बाहेर व्हरांड्यात औषधांच्या चिठ्ठ्या धरून बसतो. सुट्टी झाल्यावर बहीण तिच्या गावी जाते. मग ज्याला ड्रेसिंग कशी दिसायला हवी, लघवीची पिशवी कशी रिकामी करायची हे कुणी दाखवलेच नाही, अशा माणसाच्या हाती बाई घरी येते. नवऱ्यांना काळजी नसते असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यांना शिकण्याची जागाच ठेवलेली नसते.

वळण आले की काम बदलते. आता रोग्याला उठवायचे असते. शिकागोच्या एमिल रीस यांनी १८९९ मध्येच पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना एक-दोन दिवसांत उठवण्याचा आग्रह धरला, आणि १९९० च्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी त्याला नीट पद्धतीचे रूप दिले. पडून राहण्याची किंमत किती, ते २००७ च्या एका अमेरिकन अभ्यासातून कळते: धडधाकट वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले तर त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू झडले. ही माणसे आजारी नव्हती, त्यांना कुणी चिरले नव्हते. आपल्या रोग्याचे तर दोन्ही झालेले असते.

तरीही घरोघरी ऐकू येते, ‘राहू द्या, मी करते, तुम्ही पडून राहा.’ हे वाक्य प्रेमाचे आहे आणि भीतीचेही. भीती कशी जाते याचे उत्तर स्टॅनफर्डच्या एका जुन्या अभ्यासात सापडते. तो शस्त्रक्रियेचा नव्हता, हृदयविकाराच्या झटक्याचा होता. पण आपल्याला लागू पडतो. १९८५ मध्ये छापलेल्या या अभ्यासात झटक्यानंतर तीन आठवड्यांनी पुरुषांची चालत्या पट्ट्यावर चाचणी घेतली. काही बायका बाहेर थांबल्या, काहींनी चाचणी डोळ्यांनी पाहिली, आणि काही पाहिल्यावर स्वतःही तीन मिनिटे त्याच पट्ट्यावर चालल्या. नवऱ्याच्या ताकदीवर सर्वांत अधिक विश्वास बसला तो स्वतः चाललेल्या बायकांचा. नुसते पाहून तेवढा बसला नाही, आणि डॉक्टरांच्या ‘काही काळजी करू नका’ यावर बसणे तर दूरच. म्हणून वॉर्डातल्या व्हरांड्याची पहिली फेरी जोडीदाराने रोग्यासोबत, त्याच्याच चालीने घालावी. नाडी, धाप, थांबण्याची जागा हे सारे जोडीदाराच्या अंगात उतरले पाहिजे. तेच माप घेऊन तो घरी आला तर ओसरीपासून विहिरीपर्यंत चालायला तो रोग्याला अडवणार नाही.

खाण्याचा प्रश्न आपल्या भागात वेगळ्याने मांडावा लागतो. स्नायू भरण्याच्या टप्प्यात रोज दर किलो वजनाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम. दिवसाला ३०० ग्रॅम तांदळाचा भात खाल्ला तर त्यातून जेमतेम वीस-बावीस ग्रॅम मिळतात. उरलेले डाळ, अंडी, मासे, दूध-दह्यातून यायला हवे, आणि पथ्य म्हणून नेमके तेच बंद केले जाते. अंड्याने टाके पिकतात, डाळीने पू होतो, ही समजूत आजही पक्की आहे. टाके पिकतात ते जंतूंमुळे. अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. मासे तर तलावांच्या या जिल्ह्यात घरचेच. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. बाकीच्यांना पेज आणि वरणाच्या पाण्यावर ठेवणे म्हणजे उपाशी ठेवणे आहे.

आता गावाकडचा रस्ता. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ चे. त्याआधी मोठे ऑपरेशन म्हटले की नागपूरचे मेडिकल किंवा मेयो, रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. गुंतागुंतीच्या रोग्याला आजही तिकडेच न्यावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने ऑपरेशनचा खर्च उचलला जातो, पण सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी कुठल्याच योजनेत बसत नाही. रोवणी जुलैत आणि कापणी दिवाळीच्या आसपास. थांबता येण्यासारखी शस्त्रक्रिया असेल तर तारीख ठरवताना हे डॉक्टरांना सांगण्यात संकोच नको. कारण जखमेचे गणित बांधीतल्या कामाशी थेट भिडते. तीन आठवड्यांनी शिवलेल्या जागेला मूळ ताकदीच्या पाव हिश्श्याच्या आसपासच बळ आलेले असते. तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के, आणि पुढेही ते पूर्ण होत नाही. पोटाचे ऑपरेशन झालेल्या माणसाने महिन्याभरात धानाचे पोते उचलले तर हर्नियाचा धोका खरा आहे. इथे जोडीदाराने ठाम अडवावे. चालण्याला मोकळीक आणि ओझ्याला बंदी, या दोन्हींत गल्लत करू नये.

पूर्व विदर्भात सिकलसेलचा विचारही आधीच करावा लागतो. घरात कुणाला तो आजार असेल तर तपासणीचे कार्ड भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवलेच पाहिजे. अशा रोग्याला शस्त्रक्रियेनंतर पाणी कमी पडणे, थंडी लागणे, ऑक्सिजन घसरणे या तिन्ही गोष्टी घातक ठरू शकतात, आणि त्यातल्या पहिल्या दोन जोडीदाराच्या हातातल्या आहेत. घरी आल्यावर कुणाच्याही बाबतीत ताप, जखमेतून वास येणारा स्राव, एकाच पोटरीची सूज, अचानक दम लागणे किंवा भान हरपणे दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

आणि जोडीदाराचे स्वतःचे शरीर? ओहायोच्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर छोटी जखम करून मोजले. ती भरायला इतर स्त्रियांपेक्षा नऊ दिवस जास्त लागले. त्यांच्याच २००५ च्या अभ्यासात, ज्या ४२ जोडप्यांना तपासले त्यांत एकमेकांशी कडवटपणे बोलणाऱ्यांच्या जखमा सौम्य बोलणाऱ्यांच्या मानाने ६० टक्के वेगानेच भरल्या. पिट्सबर्गच्या शुल्झ आणि बीच यांनी १९९९ मध्ये सेवेचा ताण सोसणाऱ्या वृद्ध जोडीदारांत चार वर्षांतला मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त नोंदवला. म्हणून तिसऱ्या रात्री दुसऱ्या कुणाला बसवून स्वतः झोपणे यात कसूर नाही. आलेल्या पाहुण्याने सफरचंदे आणण्यापेक्षा एक रात्र घ्यावी.

सर्वांत उशिरा परत द्यायचा आणि सर्वांत अवघड भार निर्णयांचा. आजारपणात पैशाचे, शेताचे, मुलांचे निर्णय दुसऱ्याकडे जातात आणि तिथेच मुरतात. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांना मणक्याच्या विकाराने कित्येक वर्षे बसता येत नव्हते. उभे राहायचे नाहीतर आडवे व्हायचे. त्या अवस्थेत १९८५ मध्ये ते भारत जोडो यात्रेला निघाले, आणि १९९० मध्ये नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी साधनाताई सोबत होत्या. सेवा करणाऱ्या माणसाने रोग्याचे ध्येय त्याच्या हातात राहू दिले, याचे विदर्भातले हे मोठे उदाहरण. आपल्या घरी एवढे मोठे काही नसते. धान केव्हा विकायचे, एवढे जरी खाटेवरच्या माणसाला विचारले तरी त्याचे घरातले स्थान परत सुरू होते.

रुग्णालयांकडे माझी एकच मागणी आहे. सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी अर्धा तास नवऱ्याला किंवा बायकोला, स्त्री-वॉर्डात पडदा लावून का होईना, खाटेशी बोलवावे. ड्रेसिंग, नळी, श्वासाचे यंत्र आणि चालण्याचे अंतर त्यांच्याकडून करून घ्यावे. आणि सुट्टीच्या कागदावर ‘जोडीदाराला काय शिकवले’ अशी एक ओळ ठेवून तिथे परिचारिकेची सही घ्यावी. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे यंत्र लागत नाही, आणि ही सुरुवात गोंदियातूनही होऊ शकते.