वेग आणि वेसण : अमेरिकेतील 'मसल कार'चा धडा



मोटारीचा इतिहास लिहावयास बसलेले लोक बहुधा एंजिनाचाच इतिहास लिहितात. कोणत्या साली किती अश्वशक्ती झाली, ताशी शंभर मैलांची वेस प्रथम कोणी ओलांडली, हेच त्यांच्या बखरीत सापडते. घोडा पारखणारा माणूस नुसती दौड पाहत नाही; तो लगामाला कसा वळतो आणि कोठे थांबतो, हेही पाहतो. मोटारीच्या बाबतीत ही पारख आपण पुष्कळ उशिरा शिकलो. ती किती उशिरा शिकलो, हे ज्या गाड्यांच्या इतिहासातून स्पष्ट दिसते, त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

या गाड्यांना अमेरिकेत 'मसल कार' म्हणतात. आपण तिला पैलवान गाडी म्हणू. मध्यम आकाराची, साध्या कुटुंबाला परवडेल अशी गाडी घ्यावयाची आणि तिच्यात मोठ्या गाडीचे अवजड एंजिन बसवावयाचे, एवढीच तिची कल्पना. १९६४ ते १९७२ हा तिचा भरभराटीचा काळ. त्या काळातल्या हजारो गाड्या आजही तेथे जतन केलेल्या आहेत आणि त्यांचे मालक त्यांना नवे ब्रेक, नवे सस्पेन्शन आणि नवा साज चढवीत असतात. वरवर पाहता हा हौशी लोकांचा छंद आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात एक निराळीच गोष्ट दिसते. कारखानदाराने जे काम अपुरे ठेवले, ते पुढच्या पिढ्या आपल्या हातांनी आणि आपल्या पैशाने पुरे करीत आहेत.

प्रथम या पैलवानाची जन्मकथा पाहू. जनरल मोटर्स या कंपनीने जानेवारी १९६३ मध्ये आपल्या सर्व विभागांना शर्यतींतून अंग काढून घ्यावयास सांगितले. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे एंजिन घालावयाचे नाही, असाही कंपनीचा दंडक होता. पॉन्टियाक विभागात जॉन डीलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी हे अभियंते होते. त्यांनी टेंपेस्ट नावाच्या साध्या गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे एंजिन बसवून पाहिले. दंडक नव्या गाडीला लागू होता. म्हणून त्यांनी ही नवी गाडी म्हणून जाहीरच केली नाही. सुमारे ३०० डॉलर जादा देऊन घ्यावयाचा एक 'जोड' म्हणून ती यादीत घातली आणि इटलीतल्या फेरारी गाडीचे नाव उचलून तिला 'जीटीओ' म्हटले. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता; पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या.

आता या जोडात काय काय दिले होते, ते नीट पाहण्यासारखे आहे. टेंपेस्टच्या सर्वांत साध्या सहा सिलिंडरच्या एंजिनाची शक्ती १४० अश्वशक्ती होती. जीटीओची ३२५, आणि तीन कार्ब्युरेटर घेतल्यास ३४८. स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर थोडे कडक केले होते. साज तर भरपूर होता. बाजूला आणि पुढे जीटीओची नाममुद्रा होती आणि बॉनेटवर हवा आत घेणारी दोन तोंडे होती. ती तोंडे त्या साली केवळ शोभेची होती. त्यांतून एंजिनाकडे हवा जात नव्हती. आणि ब्रेक? ते टेंपेस्टचेच, चारी चाकांना साडेनऊ इंचांचे ड्रम. शक्ती दुपटीहून अधिक वाढली, साज वाढला. वेसण मात्र होती तेवढीच राहिली.

यात बिघडते काय, हे समजण्यास थोडे गणित हवे. गाडीचा वेग दुप्पट झाला की तिला थांबवण्याचे काम दुप्पट होत नाही, चौपट होते. सोळाशे किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्या अंगी असलेली गतिजन्य शक्ती दोन लिटर पाणी उकळीपर्यंत आणावयास पुरते. जोराने ब्रेक दाबला म्हणजे ही सगळी उष्णता चार-पाच सेकंदांत मुख्यतः ब्रेकच्या लोखंडात शिरते. ब्रेक हे उष्णतेचे यंत्र आहे. तो गाडीची गती जाळून टाकतो.

ड्रम ब्रेकमध्ये लोखंडी डबा चाकाबरोबर फिरतो आणि आतून दोन अर्धवर्तुळाकार शू त्याच्यावर दाबले जातात. यात एक खुबी आहे. फिरणारा डबा शूला आपल्याबरोबर ओढू पाहतो आणि त्यामुळे शू आणखीच घट्ट बसतो. म्हणून पायाला जोर कमी लागतो. परंतु उष्णता आत कोंडते. डबा तापून प्रसरण पावतो आणि शूपासून दूर सरकतो. लायनरची पकडही तापल्यावर सुटते. पेडल खाली खाली जाते आणि गाडी थांबत नाही. घाट उतरताना जे चालक गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून सारा भार ब्रेकवर टाकतात, त्यांना हा अनुभव निराळा सांगावयास नको.

डिस्क ब्रेकमध्ये हीच क्रिया उघड्यावर चालते. चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरली जाते. वारा तिला थंड करतो, पाणी लागले तर झटकून जाते, आणि तबकडी तापून फुगली तरी ती चिमट्यापासून दूर न जाता त्याच्याकडेच येते. ही युक्ती १९६४ साली नवी होती असे मात्र नाही. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ सालीच घेतले होते. १९५३ साली ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने बाजी मारली आणि १९५५ साली फ्रान्समधल्या सित्रोएन डीएसने ते साध्या गिऱ्हाइकाच्या पुढच्या चाकांना दिले. म्हणजे ज्ञान होते, मालही होता. त्याला मागणी नव्हती.

मागणी का नव्हती? सगळा दोष कारखानदाराच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. अमेरिकेतील पैलवान गाडीचे माप पाव मैलाच्या सरळ शर्यतीवर घेतले जाई. उभ्या जागेवरून निघावयाचे आणि पाव मैल किती सेकंदांत तोडला ते पाहावयाचे. या कसोटीत वळण नाही आणि चटकन थांबणेही नाही. जी गोष्ट मापली जात नाही तिच्यासाठी पैसे कोण मोजणार? रस्ता मात्र पाव मैलावर संपत नव्हता.

एक उदाहरण उलट बाजूचेही आहे. एप्रिल १९६४ मध्ये फोर्डने मस्टँग गाडी बाजारात आणली. ती फाल्कन नावाच्या साध्या गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली होती. कॅरोल शेल्बी हा माजी शर्यतपटू. त्याने १९६५ साली तिच्यावर आपली जीटी ३५० गाडी तयार केली, तेव्हा एंजिनाची शक्ती ३०६ अश्वशक्तीपर्यंत वाढवलीच. शिवाय पुढे डिस्क ब्रेक घातले, मागे मोठे ड्रम घातले, कोनी शॉकॲब्सॉर्बर लावले आणि पुढच्या चाकांना धरणाऱ्या वरच्या बाहूंची बैठक सुमारे इंचभर खाली आणली. या इंचभर बदलाने वळणावर गाडी कलली तरी बाहेरचे चाक रस्त्यावर अधिक सरळ उभे राहते. आज जुन्या मस्टँगचे हजारो मालक हीच भोके नव्या जागी पाडतात. पण पुढच्या वर्षाच्या, म्हणजे १९६६ च्या गाड्यांत हा बदल खर्च वाचवण्यासाठी वगळला गेला. ज्याला दुखणे ठाऊक होते, त्यानेही औषध एका वर्षात कमी केले!

याच सुमारास लोकमताने वळण घेतले. नोव्हेंबर १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचे 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक निघाले. त्याचे पहिलेच प्रकरण शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनवर होते. पुढच्या बाजूस बसवावयाचा, गाडीचे कलणे रोखणारा एक साधा लोखंडी दांडा पहिल्या गाड्यांना दिलेला नव्हता. १९६४ पासून तो सरसकट देण्यात आला. त्या विशिष्ट गाडीवरचा आरोप तिच्या काळातल्या इतर गाड्यांच्या तुलनेत टिकत नाही, असा निष्कर्ष १९७२ साली सरकारी चौकशीने काढला, हेही येथे नमूद केले पाहिजे. परंतु पुस्तकाने व्हावयाचे ते काम केलेच होते. कंपनीने लेखकामागे खाजगी हेर लावल्याचे उघडकीस आले आणि मार्च १९६६ मध्ये तिचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे क्षमा मागावी लागली. त्या एका वर्षात अमेरिकेच्या रस्त्यांवर पन्नास हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. ९ सप्टेंबर १९६६ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर सही केली.

कायद्यान्वये १९६८ च्या आरंभापासून जे नियम अमलात आले, त्यांतील एक आपल्या विषयाला धरून आहे. तोपर्यंत बहुतेक गाड्यांत चारी ब्रेकचे तेल एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच मार्गाने जात असे. एक नळी फुटली की चारी ब्रेक गेले. नव्या नियमाने पुढच्या व मागच्या चाकांचे मार्ग वेगळे झाले. एक गेला तरी दुसरा उरतो. इतकी साधी गोष्ट, पण ती सरसकट व्हावयास कायदा लागला.

कायद्याने नळ्या दोन केल्या, परंतु गिऱ्हाइकाची आवड त्याला बदलता आली नाही. १९६९ साली शेव्हरोले कॅमॅरोसाठी चारी चाकांना डिस्क ब्रेक मागवण्याची सोय होती. त्या वर्षी सुमारे २,४३,००० कॅमॅरो तयार झाल्या. हे ब्रेक घेणारे निघाले अवघे २०६. जादा पैसे एंजिनासाठी जात, रंगीत पट्ट्यांसाठी जात. पुढे विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा हवाशुद्धीचा कायदा आणि ऑक्टोबर १९७३ चा तेलाचा तुटवडा यांनी पैलवान गाडीचा आखाडाच मोडला.

आता आजच्या मालकाकडे वळू. त्याच्या गॅरेजात कामाचा क्रम नेमका उलटा लागतो. प्रथम वेसण, मग चाल, शेवटी साज. पुढच्या ड्रमच्या जागी डिस्क येते. पण नुसती डिस्क बसवून भागत नाही. मास्टर सिलिंडर दुहेरी हवा. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाके हलकी होऊन घसरतात. म्हणून मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हवा. डिस्कला ड्रमसारखी आपोआप घट्ट होण्याची खुबी नाही, तेव्हा पायाला साहाय्य देणारा बूस्टर हवा. तो एंजिनाच्या निर्वातावर चालतो, आणि शर्यतीचा कॅमशाफ्ट घातलेल्या एंजिनात निर्वात अपुरा पडतो. मूळची चौदा इंची चाके कित्येकदा नव्या चिमट्याला घासतात, म्हणून चाकेही बदलावी लागतात. एक भाग बदलला की त्याने पाच शेजाऱ्यांना हाक घातलीच. जुने लायनर काढताना आणखी एक जपणूक करावी लागते : त्यांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुंकून उडवणे फुप्फुसांच्या जिवावर बेतते.

सस्पेन्शनचेही तसेच. रबरी बुश साठ वर्षांत वाळून तडकलेले असतात, ते बदलले की निम्मी चाल सुधारते. कलणे रोखणारा दांडा जाड घेतात आणि स्टिअरिंग चटकन वळणारे बसवतात. शिवाय त्या काळच्या आडव्या-तिरप्या धाग्यांच्या टायरांऐवजी रेडियल टायर आले की चाकांचे कोन नव्याने जुळवावे लागतात. कारखान्याने लावलेले कोन त्या जुन्या टायरांसाठी होते.

राहिला साज, आणि खरा वाद येथेच आहे. पुढची जाळी, क्रोमचा मुलामा दिलेल्या पट्ट्या, नाममुद्रा हे सर्व आज नवे बनवून विकत मिळते. म्हणूनच साध्या टेंपेस्टला नाममुद्रा चिकटवून तिला जीटीओ म्हणून खपवणे सोपे झाले आहे. जाणता गिऱ्हाईक कारखान्याचे कागद आणि क्रमांक मागतो, तो यासाठी. साजातला बदल इतिहासात खोटे लिहितो. ब्रेकमधला बदल जीव वाचवतो. दोहोंना एकाच तराजूत घालणे चुकीचे आहे.

तरीही काही अभ्यासक म्हणतात, की मूळ वस्तूला हातच लावू नये. जीटीओ निघाली त्याच १९६४ साली व्हेनिस येथे जगभरचे वास्तुतज्ज्ञ जमले आणि जुन्या इमारतींच्या जपणुकीची सनद त्यांनी तयार केली. नवी भर मूळ कामापासून ओळखू यावी, इतिहासाचा पुरावा खोटा पडू नये, असे तिचे तत्त्व आहे. ते मोटारीलाही चांगले लागू पडते. सांगाडा कापू नये; शक्यतो मूळच्या भोकांतच बोल्टने बसतील असे भाग घ्यावेत; काढलेले ड्रम, नळ्या, जुना सिलिंडर तेल लावून चिठ्ठी बांधून ठेवावेत; काय बदलले ते वहीत लिहावे. म्हणजे पुढच्या माणसाला १९६४ चा ब्रेक कसा होता, हे पाहावयास मिळेल. जी गाडी केवळ संग्रहालयात उभी राहणार आहे, तिचा एकही खिळा हलवण्याचे कारण नाही.

जी रस्त्यावर येणार, तिचा न्याय मात्र वेगळा. इमारत जागची हलत नाही. गाडी दुसऱ्याच्या दारावरून जाते. तिच्या एकाच नळीच्या ब्रेकची जोखीम मालकाने हौसेने पत्करली असेल, पण समोर रस्ता ओलांडणाऱ्या मुलाने ती पत्करलेली नाही. अस्सलपणाचा अभिमान बाळगणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

श्रोतेहो, कोणतीही नवी शक्ती हाती आली, की तिचे गिऱ्हाईक प्रथम विचारते, 'हिचा वेग किती?' पॉन्टियाकची जीटीओ विकत घेणाऱ्या ३२,४५० लोकांनीही बहुधा हेच विचारले. पॉन्टियाक हे नावसुद्धा २०१० साली बाजारातून गेले. त्या गाड्यांपुढे आज गुडघे टेकून बसलेला मिस्त्री मात्र नवी नळी जोडताना दुसराच प्रश्न विचारतो आहे, 'ही थांबेल कोठे?' हा प्रश्न गाडी घेताना विचारला असता, तर पुष्कळ माणसे घरी पोहोचली असती.